देव्हाऱ्यातला टाक

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. सैन्यात असताना मरण पावलेल्या जिल्ह्यातील जवानांची तालुकावार यादी करण्याचे काम मी काही वर्षांपासून शाळेच्या वेळेबाहेर करीत आहे. १९४७ नंतरच्या जवानांची नावे मिळवताना सहसा अडत नाही. सरकारी नोंदी असतात, गावात स्तंभ असतो आणि २०१९ साली दिल्लीत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रावरही नावे कोरलेली आहेत. अडते ते पहिल्या महायुद्धापाशी. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. पण ज्या गावची ही गोष्ट आहे तेथे चावडीच्या भिंतीत बसवलेली एक पाटी एवढीच खूण उरली आहे. गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, हे दोन आकडे तीवर आहेत, नाव एकही नाही. देवळापुढच्या जुन्या वीरगळांवरही नावे नाहीत, परंतु तेथे निदान लढणाऱ्या माणसाची आकृती तरी आहे.

गेल्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने, मी नववीच्या वर्गाला याच पाटीविषयी सांगत होते. १९१५ साली याच तारखेला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराचा वेढा सुरू झाला. आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७वी मराठा या पलटणी होत्या. दाणागोटा संपला, माणसे भुकेने आणि रोगाने खंगली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली. त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत असंख्य शिपाई मेले. ज्यांच्या कबरी वा दहनाच्या जागा सापडल्या नाहीत, त्यांच्यासाठी बसऱ्याचे स्मारक उभारले गेले. तेथील फलकांवर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आपल्या शिपायांची मात्र पलटणीनुसार केवळ संख्या. ही विषमता होती, हे युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केले आहे. हे सांगताना माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे.

त्यानंतर मी मुलांना एका काशाच्या तबकडीचे छायाचित्र दाखवले. त्या युद्धात मेलेल्यांच्या घरी साम्राज्य सरकारकडून अशी सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची तबकडी धाडली जाई. तीवर हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी असते, पुढे सिंह असतो आणि एका चौकटीत मृताचे नाव असते. हुद्दा मुद्दाम घातलेला नसे, कारण मरणात लहानमोठे मानायचे नाही असे ठरले होते. छायाचित्र पाहून मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, ही तर आमची देवी आहे.”

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. तिच्या आजींना येण्याचे कारण सांगितले, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यापुढे बसले. खंडोबा आणि भवानीच्या चांदीच्या टाकांमागे ती तबकडी टेकवून ठेवलेली होती. चिंचेने घासून घासून ब्रिटानियाचा चेहरा सपाट झाला होता आणि नावाच्या चौकटीवर कुंकवाचा जाड थर बसला होता. देव्हाऱ्यातील वस्तूला हात लावण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून आजींनीच ती उचलून ताम्हनात ठेवली. चिंच, राख काही न लावता मी ओल्या कापसाने थर हळूहळू मऊ केला. कुंकवानेच त्या अक्षरांना घासण्यापासून वाचवले होते. दोन शब्द उमटले, नाव आणि आडनाव. ते मी मोठ्याने वाचले.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, हे आमच्या आजेसासऱ्यांचं नाव.” त्या या घरात नवी सून म्हणून आल्या तेव्हा आजेसासूबाई हयात होत्या. त्या रोज सगळ्या देवांची पूजा सुनेकडून करून घेत, पण या टाकाला स्वतः एक फूल वाहत आणि कुंकू लावू देत नसत. का, ते कोणी विचारले नाही. त्या गेल्यावर घरातल्या बायकांनी सिंह आणि त्रिशूळ पाहून देवी मानली आणि हळदकुंकू वाहायला सुरुवात केली. “त्या देवीला फूल वाहतच नव्हत्या,” एवढे बोलून आजींनी पदर डोळ्यांना लावला.

तबकडीवर पलटण किंवा क्रमांक नसतो, आणि एकाच नावाची दोन माणसे असणे आमच्या भागात अगदी सहज शक्य आहे. म्हणून मी त्यांना आजेसासऱ्यांच्या वडिलांचे नाव विचारले. ते ऐकताच मला माझ्या वहीतील एक नोंद आठवली. कमिशनच्या यादीत बापाचे नाव, गाव, तालुका अशी माहिती बहुधा असते, पण ती इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली असते. पवारचे पोवार होते, शिंदेचे सिंदे होते आणि गावांची नावे तर ओळखूही येत नाहीत. तीन महिन्यांपूर्वी मी एक नोंद ‘गाव सापडत नाही’ असा शेरा मारून बाजूला ठेवली होती. ११०वी मराठा, बसरा स्मारक. ते गावाचे नाव मी आता आजींपुढे जसे लिहिले होते तसेच उच्चारले, आणि त्या चटकन म्हणाल्या, “म्हंजे आमचं गावच की.” गावाला जुन्या माणसांच्या तोंडी जो उच्चार आहे, तोच कारकुनाने लिहिला होता. चूक माझी होती. मी नकाशावरचे नाव शोधत बसले होते.

मी यादीत नाव देवनागरीत लिहिले, वडिलांच्या नावासह, आणि आजींकडून वाचून घेऊन पक्के केले. त्यांनी विचारले, “कुठल्या दिवशी गेले, ते आहे का त्यात?” तारीख होती, कुत पडल्यानंतरच्या पावसाळ्यातली. मी ती कागदावर लिहून दिली. तारखेचा त्यांना उपयोग नव्हता. मरणाची तिथी ठाऊक नसल्याने या घरात त्यांचे श्राद्ध आजवर सर्वपित्री अमावास्येला होत आले होते. आजींनी तो कागद नातीच्या हाती दिला आणि तिथी काढून आणायला तिला तेव्हाच गुरुजींकडे धाडले.