तुम्ही विचारलंत म्हणून : बी.एस्सी.च्या पोरांना कसलं संशोधन?

"मॅडम, बी.एस्सी.च्या पोरांना कसलं संशोधन जमतंय?"

हे मला पालक विचारतात, विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रात, म्हणजे कॅपला, भेटणारे दुसऱ्या कॉलेजांतले सहकारी विचारतात, कधीकधी मुलंच विचारतात. मी कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजी शिकवते. आमच्याकडं सेकंड इयरची मुलं पाणी तपासण्याचं प्रॅक्टिकल आपापल्या गावच्या पाण्यावर करतात. त्यांनी काढलेल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसतं, सीनियरच्या जर्नलमध्ये नसतं, माझ्याकडंही नसतं. म्हणून ही विचारणा.

जमतं. आणि वर्गातल्या सगळ्यांना जमतं.

आपल्या प्रयोगशाळांत सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल तर ते "मॅडम, आन्सर किती यायला पाहिजे?" रीडिंग घ्यायच्या आधीच हे विचारलं जातं. मग रीडिंग बसवलं जातं. ब्युरेटमध्ये ९.८ दिसत असलं तरी वहीत ९.५, कारण शेजारच्याचं ९.५ आहे आणि त्याचं जर्नल गेल्या वर्षीच्या टॉपरचं बघून लिहिलेलं आहे. यात मुलं लबाड आहेत असं मला कधीच वाटलं नाही. उत्तर आधी ठरलेलं असेल आणि मार्क त्या उत्तराला असतील, तर ते गाठणं हाच शहाणपणा. पण तीन वर्षं असं शिकलेला मुलगा उद्या औषधाच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, लागतो. बॅच पास करायची की अडवायची हे त्याच्या रीडिंगवर ठरतं. दिसलं तेच लिहायचं, ही सवय त्याला कुठं लागणार? कॉलेजात लागली नाही तर कुठंच नाही.

आता पाण्याचं प्रॅक्टिकल घ्या. पाण्यातल्या जिवाणूंचा अंदाज काढणारी एमपीएन टेस्ट आमच्या विषयात सगळीकडं शिकवतात. मॅककॉन्की ब्रॉथच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवाच्या, नळ्या असतात, प्रत्येकीत एक छोटी डरहॅम नळी पालथी घातलेली. त्यांत ठरावीक मापानं पाणी घालायचं आणि ३७ अंशाला ठेवून द्यायचं. कॉलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची शंका दाखवणारे जिवाणू, असले तर जांभळा ब्रॉथ पिवळा होतो आणि पालथ्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. किती नळ्या पिवळ्या झाल्या त्यावरून तक्त्यात बघून १०० मिलिलिटरमधला अंदाजे आकडा काढायचा. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा कॉलिफॉर्म अजिबात सापडता कामा नये. एरवी या प्रॅक्टिकलला एक नळाचं पाणी देतात आणि एक मुद्दाम घाण केलेलं. एक निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह, जर्नलवर सही, विषय संपला.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात करवीर, शिरोळकडच्या कितीतरी विहिरी पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर तिकडच्या मुलांना घरातली माणसं विचारायला लागली, "तू मायक्रो शिकतोस नव्हं? मग सांग की, हे पाणी प्यायचं का न्हाई?" असा प्रश्न मला सिलॅबस कमिटीत बसूनही सुचला नसता. आम्ही तोच वर्गात आणला. ब्रॉथ तेच, नळ्या त्याच, केमिकलची मागणी-यादी तीच. प्रश्न तेवढा वेगळा.

एका गटाचं उदाहरण सांगते, कारण संशोधन म्हणजे काय हे मला त्यातून जितकं दाखवता येतं तितकं व्याख्येतून येत नाही. करवीर तालुक्यातल्या एका गावची चौघं. गावात नळयोजना आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो. नियमाप्रमाणं नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असला पाहिजे. मुलांचा अंदाज होता की टाकीजवळचा नळ चांगला निघेल आणि शेवटच्या गल्लीतला खराब. माझाही तोच होता.

क्लोरीनच्या पाण्याचा नमुना घ्यायच्या बाटलीत आधी थोडं सोडियम थायोसल्फेट घालावं लागतं, ते क्लोरीन निकामी करतं. नाहीतर गावापासून लॅबपर्यंत एसटीच्या प्रवासात क्लोरीन बाटलीतल्या बाटलीत जिवाणू मारत राहतो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. हे मी सांगितलं होतं. त्यांतल्या एकीनं विचारलं, खरंच एवढा फरक पडतो का? मग तुम्हीच बघा म्हटलं. त्यांनी प्रत्येक नळाच्या दोन बाटल्या भरल्या, एक थायोसल्फेटची आणि एक बिनथायोसल्फेटची.

टाकीजवळच्या नळाच्या बिनथायोसल्फेटच्या सगळ्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. थायोसल्फेटच्या पिवळ्या झाल्या आणि डरहॅम नळ्यांत बुडबुडे. सगळ्यांत चांगला म्हणून धरलेला नळ! लेबलं बदलली असणार, असं चौघांनाही वाटलं. एकानं हळूच विचारलं, "मॅडम, हे पान कॅन्सल करून परत लिहू का?" पान तसंच राहू दे, पुन्हा नमुने आणा, असं सांगितलं. पुन्हा तेच आलं.

मग ती मुलं पहाटे टाकीवर जाऊन थांबली. जलसुरक्षकानं टीसीएल कालवून टाकीत ओतलं आणि लगेच व्हॉल्व्ह सोडला. क्लोरीनला काम करायला निदान अर्धा तास लागतो. तेवढा वेळच मिळाला नव्हता, त्यामुळं जवळच्या नळाला क्लोरीन आणि जिवंत जिवाणू एकाच पाण्यातून येत होते. गावात रोज होणारी क्लोरीनची ओटी टेस्ट मात्र चांगली पिवळी यायची, कारण ती फक्त क्लोरीन आहे की नाही ते सांगते. क्लोरीनला द्यायचा हा वेळ, म्हणजे संपर्ककाळ, हा मुद्दा आमच्या पुस्तकात दोन मार्कांना आहे. त्या आठवड्यात त्या चौघांनी क्लोरिनेशनचं पूर्ण प्रकरण मी न सांगता वाचून काढलं आणि लॅबमध्ये एकमेकांशी भांडून समजून घेतलं. असं भांडण ऐकायला मिळावं म्हणून तर मी शिकवते.

गावात हे सांगायचं कसं, हा भाग पाठ्यपुस्तकात नाही आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. "आमच्या गावचं पाणी खराब म्हणतायसा व्हय?" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून आमच्याकडं नियम आहे : निष्कर्ष आधी ग्रामपंचायतीला, स्टेटसला कधीच नाही. आमची तपासणी म्हणजे दाखला नव्हे. खात्री सरकारी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतूनच करून घ्यायची, हेही त्याच कागदावर लिहायचं. त्या मुलांनी एक पानभर साध्या मराठीत लिहून दिलं आणि जलसुरक्षकाला दोष देणारं एकही वाक्य त्यात ठेवलं नाही. पाणी सोडायची वेळ बायकांच्या कामाच्या वेळेवर ठरलेली असते, ती त्याच्या हातात नसते, हे त्यांना त्यानंच समजावलं होतं.

हुशार मुलांना प्रोजेक्ट द्या की, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला पाठवा, उन्हाळ्यात आयसरसारख्या विज्ञान संस्थेत पाठवा, असं सुचवणारे भेटतात. जरूर पाठवावं, मीही पाठवते. पण तिथं जाणारी मुलं कोण असतात ते बघा. ज्याला संध्याकाळी सातपर्यंत लॅबमध्ये थांबता येतं तो जातो. ज्याला मॅडमना जाऊन विचारायचं धाडस आहे तो जातो. गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूची मुलगी पाचच्या एसटीवर डोळा ठेवून असते, कारण ती चुकली तर घरी काय उत्तर द्यायचं हा प्रश्न असतो. तिच्यासाठी लॅब म्हणजे टाइमटेबलमधले प्रॅक्टिकलचे तास, तेवढेच. संशोधन त्या तासांत आलं नाही तर तिच्या वाट्याला ते येतच नाही. मला सगळ्यांत जास्त पोटतिडकीनं काही सांगायचं असेल तर ते हे. थायोसल्फेटचा प्रश्न विचारणारी ती मुलगी अशीच एसटीनं येणारी. प्रोजेक्टसाठी नावं मागवली असती तर तिनं दिलं नसतं.

जगात हे मोठ्या प्रमाणावर चाललंय. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी २००८ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं माती आणतात, तिच्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, वेगळे काढतात, त्यांना नाव देतात आणि त्यांचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचतात. हॅटफुल यांच्याकडच्या अशा संग्रहातले तीन फेज लंडनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या उपचारांसाठी वापरले गेले. तिच्या संसर्गावर अँटिबायोटिक चालत नव्हते. ती सुधारली आणि २०१९ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. त्यातला 'मडी' नावाचा फेज डर्बनमधल्या एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. वांगी आपल्याकडंही कुजतात.

पोर्शन पुरा होतो का? होतो, पण काही प्रॅक्टिकल डेमोवर आणावी लागतात, आणि ती कुठली हे ठरवताना विभागात वाद होतात. खर्च फारसा वाढत नाही. बर्फाची पेटी आणि निर्जंतुक बाटल्या लागतात. पाण्यातून काय वाढेल याचा नेम नसतो, म्हणून वाढलेल्या नळ्या-प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केल्याशिवाय, कचऱ्यात जात नाहीत, यात सूट नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्याकडं फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळालेत, त्यामुळं टाइमटेबलमध्ये जागा मागताना आता हातात कागद असतो. दुसऱ्या विषयांना तर सोय आहेच : बॉटनीवाल्यांना मसाई पठार, झूलॉजीवाल्यांना रंकाळा, केमिस्ट्रीवाल्यांना गुऱ्हाळं.

खरी अडचण मार्कांची. बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, आले की तेही विचारतात, आन्सर किती? आम्ही मार्क वहीला देतो. वही पेनानंच लिहायची, तारीख-वेळ टाकायची, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे. तुलनेसाठीची नळी, म्हणजे कंट्रोल, लावला होता का, अनपेक्षित आलं तेव्हा पुढं काय केलं, दुसऱ्या गटाच्या आकड्याशी आपला का जुळत नाही, हे व्हायव्हात विचारतो. सगळ्याच नळ्या पिवळ्या झाल्या तर तक्ता नेमका आकडा देत नाही, 'यापेक्षा जास्त' एवढंच म्हणतो. तिथं न थांबता पाणी पातळ करून पुन्हा लावणाऱ्या मुलाला मी पूर्ण मार्क देते, शेवटी त्याचा आकडा काहीही येवो.

आणि वह्या रद्दीत घालू नका. हे मी प्रत्येक सहकाऱ्याला आवर्जून सांगते. यंदाच्या बॅचनं जिथं सोडलं तिथून पुढच्या बॅचनं धरायचं, म्हणजे एका सत्रात जे होत नाही ते दोन-तीन वर्षांत होतं. त्या चौघांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्यांसाठी असं लिहिलंय : "टीसीएल रात्री टाकून पाणी पहाटे सोडलं तर जवळच्या नळाचे जिवाणू मरतील, पण शेवटच्या गल्लीपर्यंत ०.२ उरेल का? पोत्याचं तोंड पावसाळ्यात उघडं राहिलं तर पावडरचा जोर किती कमी होतो, तेही बघा." जूनमध्ये नवीन मुलं येतील, तेव्हा सुरुवात या पानापासून करायची.