वाचलं आणि मान्य आहे

"मी हे नियम वाचले आहेत आणि मला मान्य आहेत." लेकीने चौकोनात टिक केलं, एक ओळही न वाचता. कोर्स कसला? नागरिकशास्त्राचा, ऑनलाइन.

मग मीच वाचत बसलो. रोज लॉगिन, आठवड्याला एक चर्चेची पोस्ट आणि दोघांना उत्तरं, नुसतं "सहमत" लिहिलं तर शून्य, कॉपी पकडली तरी शून्य, उशीर झाला की दिवसाला १० टक्के कट, आणि अगदी खाली बारीक अक्षरात, शिक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

तिला ते दाखवलं तर म्हणते, "बाबा, पहिल्याच धड्यात आहे ना, कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा वेगवेगळा हवा? इथे तिन्ही मॅडमच!"

मॉन्टेस्क्यू नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये हेच मांडलेलं, आणि मी आपला डेडलाइनच्या तारखा वहीत उतरवत बसलेलो. (मॅडमचं तरी काय चुकलं म्हणा, इतकी पोरं सांभाळायची, तीही स्क्रीनमागची.)

आता तिने मेल लिहून ठेवलाय, मार्क कापायच्या आधी आमचं ऐकून घेणार का म्हणून. पाठवू का, विचारतेय. तुम्ही काय सांगितलं असतं?