टिनाखालच्या उन्हातही टिकणारी एलईडी पट्टी: ओटा आणि मांडणीसाठी

ओट्यावरच्या कपाटाखाली किंवा मांडणीच्या कप्प्यात एलईडी पट्टी चिकटवायला अर्धा दिवस पुरतो. ती टिकवणं अवघड, निदान आपल्याकडे तरी. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. पहिल्या दिवाळीत लखलखणारी पट्टी पुढच्या मेमध्ये गोंद सोडून लोंबायला लागते, नाहीतर तिचा सप्लाय, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे १२ करून देणारा डबा, बंद पडतो.

आधी पट्टी समजून घ्या. १२ व्होल्टच्या साध्या पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा एक गट असतो. प्रत्येक एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, म्हणजे तिघांचे ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट किती वाहणार हे त्यावरच ठरतं. म्हणून पट्टी दर तीन एलईडींनंतर, तांब्याच्या खुणेवरच कापायची. वायरमध्ये एकच व्होल्ट हरवला, तर रेझिस्टरवर तीनाऐवजी दोनच उरतात आणि करंट जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. शेवटचं टोक मंद दिसतं ते यामुळे. पट्टी बदलून काही होत नाही, वायर बदलावी लागते.

हिशेब एका नेहमीच्या स्वयंपाकघराचा. ओटा ८ फूट, म्हणजे २.४ मीटर. तिथे मीटरला १२० एलईडीची, ९.६ वॅटची पट्टी घ्या: २३ वॅट झाले. मांडणीचे ३ फुटांचे चार कप्पे मिळून ३.७ मीटर. डबे ओळखण्यापुरता उजेड हवा, म्हणून तिथे मीटरला ६० एलईडीची, ४.८ वॅटची पट्टी पुरे: १८ वॅट. एकूण ४१. कागदावर ६० वॅटचा, म्हणजे ५ अँपिअरचा सप्लाय पुरतो, पण तो १०० वॅटचा, ८.५ अँपिअरचा घ्या. तापलेल्या जागी सप्लायची ताकद कमी होते आणि आतले कपॅसिटर लवकर सुकतात. त्याला छपराला लागून किंवा माळ्यावर ठेवू नका. ओट्यापासून दूर, डोक्याच्या उंचीला, हवा खेळेल अशा जाळीच्या पेटीत बसवा. पेटी हवीच, कारण पाली उजेडाकडे येतात आणि उघड्या टर्मिनलवर चढतात.

काही सप्लायच्या बाजूला ११०/२२० चा छोटा सरकता खटका असतो. तो २२० वर आहे ना, हे लाईन जोडण्याआधी बघा. ११० वर राहिला तर पहिल्याच झटक्यात सप्लाय जळतो. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही जोडायचे. अर्थिंगची वायर मोकळी सोडू नका. वादळात बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तेव्हा सप्लायला वेगळा खटका ठेवा आणि आभाळ गडगडायला लागलं की बंद करा. बोर्डाकडचं २३० व्होल्टचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

सप्लायपासून ओट्यापर्यंत ५ मीटर अंतर असेल, तर ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत २ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट जातो. १.५ ची घेतली तर पाव. कप्प्यांना एकातून दुसऱ्यात अशी माळ ओवू नका. प्रत्येक कप्प्याची जोडी वेगळी आणून एका जंक्शनवर लाल लालला, काळी काळीला जोडा. क्लिपचे जोड उन्हाळ्यात सैल पडतात आणि पट्टी लुकलुकते, म्हणून डाग द्या. तांब्याच्या ठिपक्यावर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा, जास्त ठेवलं तर ठिपका उखडतो. रोल गुंडाळलेला असताना तपासायचा तर काही सेकंदच लावा. उलट जोडली तर पट्टी लागत नाही, एवढंच.

आता चिकटवणं. चुना मारलेल्या भिंतीवर पट्टीमागचा गोंद कधीच धरत नाही आणि कडप्प्यावरही उन्हाळा काढत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी आत बसवायची पन्हळ, आणि त्यावरचं दुधी झाकण घ्याच. पैसे वाचवायचे तर पट्टी थोडी कमी लावा, प्रोफाइल सोडू नका. ते पट्टीची उष्णता ओढून घेतं आणि झाकणावर बसलेली तेलाची, चुलीच्या काजळीची पुटं साबणाच्या ओल्या फडक्याने निघतात. लाकडाला प्रोफाइल स्क्रूने बसतं, भिंतीला गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकून. कडप्प्याच्या कडेला ड्रिल मारलं की टवका उडतो, तिथे सिलिकॉनच वापरा. दगड स्पिरिटने पुसा, प्रोफाइलच्या पाठीला सिलिकॉन लावा आणि चोवीस तास मास्किंग टेपने धरून ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल लिहिलेलं मागा. पट्टी आतमध्ये नंतर चिकटवायची.

ओट्यावर प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या कडेला, किंचित भिंतीकडे तिरपं हवं. मागे लावलं तर पॉलिश केलेल्या काळ्या कडप्प्यात एकेक ठिपका आरशासारखा उमटतो आणि डोळ्यांत खुपतो. उजेडाचा रंग ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर असा घ्या, तुरीच्या डाळीतला खडा आणि तांदळातली अळी त्यात स्पष्ट दिसते. ६५०० च्या निळसर उजेडावर पावसाळ्यात किडे जास्त येतात. मोरीजवळ सिलिकॉनचा लेप असलेली पट्टी लावा.

उजेड कमी-जास्त करायचा तर १२ व्होल्टच्या बाजूला एलईडीचा डिमर लावतात. पंख्याचा रेग्युलेटर सप्लायच्या आधी जोडू नका, सप्लाय गुणगुणतो आणि जातो.

लाईन वारंवार जाते म्हणून कुणी पट्टी थेट सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर घेतात. उजेड मिळतो, पण चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते. वरचाच हिशेब लावून बघा: रेझिस्टरवर तीनाऐवजी पाचाच्या आसपास व्होल्ट पडतात, करंट दीडपटीच्या वर जातो आणि एलईडी पिवळे पडत मरतात. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका. तो बॅटरी ११ वर उतरल्यावरही १२ देणारा, म्हणजे दाब वाढवणारा आणि कमी करणारा असा दोन्हीचा असावा. बॅटरीच्या प्लस टोकालगत ५ अँपिअरचा फ्यूज घाला.