चोथ्याच्या भांड्यात काय उरते

गेल्या वर्षी चवथीला मुलगा पुण्याहून आला, तो रस काढण्याचे यंत्र घेऊनच. सातव्या दिवशी गणपती पोहोचवून आल्यावर आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगलेली लाकडी चौकट, सोडवली, तेव्हा गोव्यातील फोंड्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर नारळ, तवशी (मोठ्या काकड्या), पपनसे, आंबाडे, करमले (स्टारफ्रूट), केळ्यांचा घड आणि सुपारीचे घोस असा पसारा मांडून झाला होता. शेजारीपाजारी वाटून उरलेल्या फळांचे काय करावे, हा दरवर्षीचा प्रश्न त्या यंत्राने तेवढ्यापुरता सोडवला. पिकलेल्या करमलांचा पिवळाधमक, आंबटगोड रस निघाला आणि पेले घरभर फिरले. माझ्या थोरल्या दिरांनी मात्र घसा धरला आहे असे सांगून पेला परत केला. त्या नकाराची किंमत मला पुढे कळली. ते त्याच्या जागी सांगेन.

त्या दिवसापासून जवळजवळ तीन महिने आमच्या घरी रोज सकाळी रस होत असे. यजमानांच्या रक्तातील साखर काठावर आलेली होती, त्यामुळे चहा-बिस्किटांऐवजी ताजा रस हा बदल सर्वांनाच शहाणपणाचा वाटला. तीन मोसंबी, एक सफरचंद, कधी कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, आलेल्या अननसाच्या दोन चकत्या, वरून आल्याचा तुकडा. साखर कणभरही नाही. डिसेंबरात रक्ततपासणी झाली आणि उपाशीपोटीची साखर 108 वरून 121 वर गेलेली दिसली. मी आधी प्रयोगशाळेवर संशय घेतला, मग दिवाळीच्या फराळावर. आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला: "तीन मोसंबी आणि एक सफरचंद तुम्ही एका बैठकीत सोलून, चावून खाल का?" यजमान म्हणाले, एक मोसंबे संपवतानाच कंटाळा येतो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

घरी आल्यावर मी वजनकाटा काढला. त्या फळांपासून सुमारे 250 मिलिलिटर, म्हणजे आमचा एक मोठा पेलाभर रस निघत होता आणि त्यात ढोबळ मानाने वीस ते पंचवीस ग्रॅम साखर उतरत होती. ही साखर फळाचीच असली, तरी फळात ती पेशींच्या भिंतींमध्ये, तंतूंच्या आणि पेक्टिनच्या जाळ्यात अडकलेली असते. चावावी लागते, पोटात वेळ काढते आणि रक्तात हळूहळू उतरते. यंत्र त्या भिंती मोडते, जाळे चोथ्याच्या भांड्यात टाकते आणि साखर तेवढी पेल्यात देते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हा फळांच्या रसातील साखर मध आणि पाक यांच्याच रांगेत, म्हणजे 'मुक्त साखरे'त मोजली. अख्ख्या फळातील साखर मात्र त्यात धरली नाही. मुक्त साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली आणावी, असे संघटना सांगते. 2000 कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. आमचा तो 'साखर न घातलेला' पेला सकाळी साडेसातलाच दिवसाचा हिशेब संपवत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शिका काढली, तिचाही कल रसापेक्षा अख्ख्या फळाकडेच आहे, आणि उसाच्या रसात तर दर 100 मिलिलिटरला 13 ते 15 ग्रॅम साखर असते, हे तिने बजावून सांगितले आहे.

यंत्र परत करण्याचा विचार दोन दिवस घोळला. पण दोष यंत्राचा नव्हता, आम्ही त्यात काय घालत होतो याचा होता. तेव्हापासून घरात एक साधा नियम आहे: जे फळ सुखाने चावून खाता येते त्याचा रस काढायचा नाही. मोसंबे, सफरचंद, पेरू, पपई, चिकू, मयड्याची केळी ही सर्व सुरीने कापून ताटलीत. यंत्राकडे जायचे ते मुख्यतः जे एरवी पोटात जातच नाही: कच्चे बीट, आवळा, ओली हळद, कोवळे कारले.

आमचा सध्याचा रस दोघांसाठी असा होतो. दीडशे ग्रॅम गाजर, पन्नास ग्रॅम बीट, शंभर ग्रॅम काकडी, दोन मोठे आवळे, बोटाच्या पेराएवढे आले. एवढ्यातून दोनशे मिलिलिटरच्या आसपास रस मिळतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक मोठी वाटी, आणि साखर माणशी सहा-सात ग्रॅम. पेल्याऐवजी वाटीतून पिणे ही युक्ती यजमानांची. भांडे लहान असले की हात आपोआप आवरतो. घालण्याचा क्रमही अनुभवाने ठरला आहे. आले आणि आवळ्याच्या फोडी आधी, मग बीट, मग गाजर आणि सर्वांत शेवटी काकडी, म्हणजे काकडीचे पाणी आतल्या नळीत चिकटलेला आल्याचा आणि बिटाचा अंश बाहेर ढकलते आणि यंत्र निम्मे धुतले जाते.

आवळ्याचा आग्रह मी धरते, कारण त्यातील 'क' जीवनसत्त्व नाचणी, तांबडी भाजी आणि डाळी यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. पण ही मदत दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात असतील तेव्हाची आहे. त्यामुळे उपाशीपोटी रस पिण्याची जी पद्धत सर्वत्र सांगितली जाते, ती आम्ही सोडली आणि वाटी नाचणीच्या तिझनाबरोबर, म्हणजे पातळ खिरीबरोबर, किंवा दुपारच्या जेवणाबरोबर घेऊ लागलो. गाजरातील बीटा कॅरोटीनला थोडी चरबी लागते. त्यासाठी वाटीत चमचाभर नारळाचा दाट रस घातला की काम होते आणि चवही गोलसर येते. आवळे संपले की लिंबू पिळायचे, एवढाच फरक.

बिटाविषयी थोडे विस्ताराने सांगते. बिटातील नायट्रेटचे रूपांतर जिभेवरील जीवाणू नायट्राइटमध्ये करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, ज्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. बिटाच्या रसाने रक्तदाब थोडा उतरतो असे जे म्हणतात त्यामागे हे कारण आहे. जंतुनाशक औषधी पाण्याने चुळा भरल्यास तेच जीवाणू मरतात आणि हा लाभ कमी होतो, ही गोष्ट मला फार गमतीची वाटली. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मात्र 'बीट घेतो म्हणून गोळी सोडतो' असा व्यवहार करू नये. शिवाय काही जणांना बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते. आमच्या सासूबाई एका सकाळी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या आणि आदल्या दुपारची वाटी आठवेपर्यंत घरात चांगलाच गोंधळ उडाला. बिटात ऑक्झॅलेट भरपूर असते, त्यामुळे ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी त्यापासून दूर राहिलेले बरे.

ऑक्झॅलेटचा विषय निघाला की मला करमले आठवतात, आणि दिरांनी परत केलेला तो पेला. त्यांची मूत्रपिंडे काही वर्षांपासून अशक्त आहेत. करमलात ऑक्झॅलेट तर असतेच, शिवाय कॅरँबॉक्सिन नावाचे एक द्रव्य असते, जे मज्जासंस्थेवर परिणाम करते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या शरीरात ते साचते आणि न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके इथपासून मृत्यूपर्यंत प्रसंग येऊ शकतो. हे मी जानेवारीत वाचले आणि वाचल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले. बिंबलांचेही, म्हणजे करमलांच्याच कुळातील त्या छोट्या आंबट फळांचेही, तसेच. आपण ती माशांच्या कढीत किंवा लोणच्यात चार-दोन घालतो तोवर प्रश्न नसतो. परंतु केरळमध्ये बिंबलांचा रस पेलाभर पिऊन मूत्रपिंडे अचानक बंद पडलेल्या दहा रुग्णांची नोंद 2013 साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावे लागले. फळ तेच, पण रस काढला की मात्रा पालटते. दोन बिंबले खाताना दात आंबतात आणि आपण थांबतो. वीस बिंबलांचा रस दोन घोटांत संपतो.

दुधीच्या रसाबाबत तर भीड न ठेवता सांगावे असे मला वाटते. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. एरवी ती अगदी नगण्य असतात, पण एखादाच दुधी कडू निघतो. त्याचा रस 'कडू आहे म्हणजे औषधी आहे' अशा समजुतीने प्यायल्याने माणसे गंभीर आजारी पडली आहेत आणि दगावलीही आहेत. अशा घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला सोपा आहे: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थता वाटल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. इतर रस मिसळू नये याचे कारण उघड आहे. गोड रसाने कडवटपणा झाकला जातो आणि जिभेने दिलेली सूचना वाया जाते. आम्ही काकडीचेही टोक चाखूनच घेतो. माटोळीत टांगलेली कवंडळे, ही याच कुळातील रानफळे, शोभेची असतात, खाण्याची नव्हेत, हे जुन्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. पण लहान मुलांच्या हाती यंत्र पडले तर तेही सांगून ठेवलेले बरे.

पपनसाविषयी एक वाक्य पुरे: कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची काही औषधे घेणाऱ्यांनी पपनसाचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यातील काही द्रव्ये औषध पचवणाऱ्या विकराला अडवतात आणि औषधाची रक्तातील मात्रा वाढू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेणाऱ्यांना पालेभाज्यांच्या रसाची हीच सावधगिरी, कारण पानांतील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करते. रसाने शरीरातील विषे धुऊन निघतात, या समजुतीवर मी शब्द खर्च करणार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

खरे तर आपल्या भागाला रस नवा नाही. काजूच्या हंगामात बोंडे तुडवून झाल्यावर चोथ्याची रास वेलीने बांधतात आणि तिच्यावर दगड ठेवतात. त्या भाराखाली जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. फेणीसाठी तो वापरत नाहीत, ताजाच पितात, आणि काही तासांत तो आंबू लागतो. त्या संथ ठिबकण्याकडे पाहताना माझ्या मनात आले की मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेणारे हे महागडे यंत्र दुसरे काय करते! भिरंडीचेही, म्हणजे कोकमाच्या फळाचेही, तसेच. एप्रिल-मे महिन्यांत ताजी भिरंडे फोडून त्यांचा गर पाण्यात कुस्करला, किंचित मीठ आणि जिरे घातले की सुंदर पेय होते. बाटलीतले कोकम सरबत मात्र निम्म्याहून अधिक साखरेचा पाक असतो आणि आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या दाट रसात, मीठ मुबलक असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी आगळ चमच्याने मोजावे.

उरला चोथा. पहिल्या तीन महिन्यांत तो मी निमूटपणे माडाच्या अळ्यात टाकत होते. आता काकडीचा चोथा तवसळीच्या (काकडीच्या गोड केकच्या) रव्यात जातो. किसलेल्या तवशापेक्षा तो कोरडा असल्याने गूळ विरघळल्यावर नारळाचा रस थोडा अधिक घालावा लागतो. गाजर-बिटाचा चोथा पोळ्यांच्या (घावनांच्या) पिठात घातला की लाल पोळे होतात आणि नातवंडे न कुरकुरता खातात. आवळ्याचा चोथा मीठ लावून उन्हात सुकवते. आल्याचे तंतू तेवढे माडाला.

भाजी आणल्याबरोबर धुणे, कापायच्या आधी पुन्हा वाहत्या पाण्याखाली चोळून घेणे आणि रस काढल्यावर लगेच पिणे, एवढी शिस्त पाळली तर बाकी फारसे काही नाही. उरलाच तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा. कच्चा रस जीवाणूंनाही आपल्याइतकाच आवडतो. यंत्राची जाळी मात्र वापरल्याबरोबर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने धुवावी लागते, नाहीतर गाजराचे तंतू वाळून सिमेंटसारखे बसतात.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा साखर 106 होती. त्याचे श्रेय वाटीला द्यावे, की संध्याकाळी सुरू केलेल्या चालण्याला, हे सांगणे कठीण. यजमान चालण्याला देतात, मी सोडलेल्या मोसंब्यांच्या रसाला. यंदा माटोळीला करमले बांधूच, ती हवीतच. दिरांना मात्र शेजारच्या कुळागरातील पेरू कापून द्यायचा, तोही त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने.