येवढ्या लांब कायले गेली

22 जानेवारी, रात्री सव्वाअकरा

आई हसली. एवढंच झालं.

वाईट काही बोलली नाही. सकाळी व्हिडिओवर मी तिला इथलं, अमेरिकेतलं गॅरेज दाखवत होते. कधी धुराड्याचा पाइप, कधी कोळशाची पोती, कधी काचेच्या दारामागचा जाळ. ती चष्मा वरखाली करत बघत होती. मग म्हणाली, "सिगडीच पेटवाची होती तं येवढ्या लांब कायले गेली वं?" आणि हसली. मागून वहिनी हसली. मीही हसले. मग फोन बंद झाला. रेंज गेली की तिनंच ठेवला, कळलं नाही.

त्याला आता चौदा तास झाले. तेवढ्यात मी चाकावर मातीचे दोन मग केले, एक वाडगा केला (वाकडा), राख काढली, वांग्याची भाजी केली, धाकटीशी अर्धा तास बोलले आणि तिला जे विचारायचं होतं ते विचारलं नाही. प्रत्येक कामाच्या मधे ते वाक्य. कायले गेली वं.

राग आला असता तर सोपं होतं. चार भांडी आपटली असती, झोपले असते.

मुळात तिला "कोळशाचा स्टोव्ह" म्हणून सांगितलं तिथेच चुकलं. आईच्या लेखी स्टोव्ह म्हणजे पितळी, पंप मारायचा, पिन करायचा. म्हणून म्हटलं, अगं, बंबासारखा असतो. मधे जाळी, जाळीखाली राखेचा ट्रे, मागून धुराडं, फक्त सगळं बिडाचं आणि दोघांना न उचलणारं. तर म्हणे, मंग पाणी कुठी तापते? म्हटलं, पाणी नाही तापवत, हवा तापवते. ह्यावर ती गप्प बसली. हवा तापवायला कोळसा. चंद्रपूर जिल्ह्यात राहून, मे महिन्यात 47 डिग्री सोसणाऱ्या बाईला हे कुठल्या तोंडाने समजवायचं?

आणि ती हवा तरी कुठे टिकते. सिमेंटच्या ब्लॉकच्या नागड्या भिंती, वर फळ्या आणि त्यावर छप्पर, मधे काही नाही. गाडीसाठीचं ते मोठं उचलायचं दार, त्याच्या खालून वारा घरच्यासारखा ये-जा करतो. आज बाहेर 9 फॅरनहाइट, म्हणजे आपले उणे 13. चाकाजवळ 54, म्हणजे 12. स्टोव्हकडे तोंड केलं की तोंड भाजतं आणि पाठीला काकडा भरतो. उलट फिरलं की उलट. शहाणी माणसं आधी भिंती भरून घेतात, मग आग आणतात. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, दुकानदारानं सांगितलं, घरातूनही सांगून झालं. पण डिसेंबरात फळीवर ठेवलेले ओले मग एका रात्रीत गोठले, सकाळी ऊन आलं तसे पापुद्रे सुटून खाली बसले. पोत्यातली माती दगड. त्या दिवशी मला भिंती नको होत्या, आग हवी होती.

आग आणणंही सोपं नव्हतं म्हणा. इथे गॅरेजात असं काही बसवायचं म्हणजे कटकट. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते, तिला ठिणगीच हवी असते. म्हणून गाडी कायमची बाहेर बर्फात, गवत कापायचं मशीन आणि पेट्रोलचा डबा मागच्या शेडमध्ये, आणि कागदोपत्री गॅरेज आता गॅरेज राहिलेलं नाही, वर्कशॉप झालंय. टाउनशिपचा माणूस दोनदा येऊन टेप लावून गेला. धुराडं छपरातून बाहेर पडतं तिथून तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. विमावाल्यांनी फोटो मागवले. नवरा एकदाच बोलला. त्यावर परत कधीतरी.

कायले गेली वं.

लहानपणी पाच वाजता उठायचं. सिगडी माझी होती. म्हणजे माझी कुणी केली नव्हती, दादाचा अभ्यास असायचा म्हणून आपोआप माझी झाली. बल्लारपूरच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) कॉलनीत कोळशाला तोटा नव्हता, बाबा त्याच खात्यात. जुनी बादली, आतून मातीनं लिंपलेली, मधे सळयांची जाळी. खाली गोवरीचे तुकडे, काडक्या, रॉकेलची चिंधी, वर दगडी कोळसा. तो पेटताना जो धूर व्हायचा, पिवळट, जाड, नाकात बसणारा! सगळ्या कॉलनीचा एकदम व्हायचा, समोरचं क्वार्टर दिसायचं नाही. सिगडी अंगणात, मी पुठ्ठ्यानं वारा घालतेय, डोळे पुसतेय, पुन्हा वारा घालतेय. धूर संपून निखारे लाल झाल्याशिवाय सिगडी आत न्यायची नाही, हा आईचा कायदा. आत नेली की पुढचे दोन तास ती तिच्यापुढे बसायची. कायदा पाळूनही तो खोकला तिला लागला तो लागलाच. आजही हसता हसता तिला ठसका आला होता. मी ते लिहिणार नव्हते.

गॅस आला त्या दिवशी आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि बटण तीनदा चालू-बंद केलं. निळी ज्योत बघायला शेजारच्या दोघी आल्या होत्या.

मी आठवीत होते, किंवा नववीत. जिथे बटण दाबलं की सगळं होतं तिथे जाईन, असं मी ठरवलं होतं. हे मनात ठरवलं होतं की मोठ्यानं बोलले होते? बोलले असणार. आईला बोलले असणार, धुरात, पुठ्ठा आपटून. नाहीतर तिचं वाक्य इतकं नेमकं कसं बसेल? चाळीस वर्षं जपून ठेवलं आणि आज काढलं.

किंवा काहीच नाही. म्हातारी गमतीत बोलली, आणि मी इथे साडेबारा हजार किलोमीटरवर बसून त्याचा कीस काढतेय. हे बहुधा खरं असेल. आई काही जपून ठेवणाऱ्यातली नाही, तिला माझा वाढदिवससुद्धा वहिनी सांगते.

पण मग मी हसले का? मला सांगता आलं असतं की आई, हौस आहे. सांगता आलं नाही, कारण सिगडी पेटवायची हौस असू शकते हे तिच्यासमोर म्हणायची लाज वाटली. तिला खोकला आणि मला हौस. त्याहून खाली एक गोष्ट आहे, ती अशी की मला तेव्हाही आवडायचं. सगळं नाही. धूर विरतो आणि पहिल्यांदा आतून लाल दिसतं, तेवढंच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कॉलनीत सांगितलं असतं तर मैत्रिणींनी वेड्यात काढलं असतं.

बरं, हौस म्हणावी तर ती तरी कुठे सरळ भागली. मला वाटलं होतं, कोळसा आपल्या हाताचा आहे, आपल्याला कोण शिकवणार. पहिल्या आठवड्यात पाच वेळा विझवला. इथला कोळसा अँथ्रासाइट. काळा, चकचकीत, काचेसारखा, हात लावला तर हातही फारसा काळा होत नाही. आपल्या कोळशासारखा तो रागवून धडाडत नाही. पहिलं त्याला पेटायचंच नसतं. जुन्या काळी लोकांना वाटायचं की हा दगड नुसता घरात जळणारच नाही. इथेच, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीला जेसी फेल नावाच्या माणसानं 11 फेब्रुवारी 1808 ला साध्या जाळीवर तो जाळून दाखवला तेव्हा कुठे पटलं. माझी समजूत 1808 च्या आधीचीच राहिली असती.

माझी चूक म्हणजे मी आईची मुलगी. जाळ मंदावला की वरून सळई खुपसून ढोसायचं, हे माझ्या मनगटात आहे. आणि ह्याला नेमकं तेच चालत नाही. वरून ढोसलं की निखारे विस्कटतात, राख मधे शिरते, वारा कोंडतो, तासाभरात सगळं काळं. शेजारच्या आजोबांनी शिकवलं. (आजोबा मनातल्या मनात, तोंडावर नावानंच हाक मारते.) आधी लाकडाचे चांगले निखारे, मग कोळशाचा पातळ थर, मग थांब. टिकटिक ऐकू येईल, निळ्या ज्योती नाचायला लागतील, मग दुसरा थर. मग परत थांब. शेवटी स्टोव्हच्या आतल्या विटांच्या काठापर्यंत भर, कंजुषी केलीस तर मरेल. एका कोपऱ्यात लाल उघडं ठेव, नाहीतर आत गॅस साचेल आणि भक्कन दार उघडेल. वारा खालून दे, जाळी खालून हलव, राखेत लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांब. आणि वरून हात लावू नकोस. हे "वरून हात लावू नकोस" ते दर वेळी सांगतात, मी कधीच ऐकलं नाही अशा थाटात. एकदा माझ्या हातातली सळई काढून घेतली आणि स्वतःच्या घरी घेऊन गेले.

धूर नाही, वास नाही, हे ह्याचं कौतुक आणि हीच भीती. आमच्या सिगडीचा धूर निदान ओरडून सांगायचा. हा काही सांगत नाही, म्हणून भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र लावलंय. मधूनमधून त्याचा हिरवा दिवा बघते. आत्ताही बघितला.

आज आजोबा दिसले नाहीत. 22 जानेवारी. 1959 ला ह्याच दिवशी इथून थोड्या वर, पिट्स्टनजवळ, सस्क्वेहॅना नदी फुटून खाली नॉक्स खाणीत शिरली. नदीच्या तळाच्या फार जवळ खणत गेले होते. खाली 81 माणसं होती, 12 परत आली नाहीत, त्यांचे देहसुद्धा नाहीत. भोवऱ्यात रेल्वेच्या वाघिणी ढकलल्या भोक बुजवायला. आजोबा तेव्हा चौदाचे. त्यांचे वडील त्या खाणीत नव्हते, पण पाणी पसरत गेलं आणि ह्या भागातलं खोल खाणीचं काम जवळजवळ संपलं, तसं त्यांचंही. हे एवढं सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं होतं, राखेची बादली हातात धरून. स्टोव्ह आला त्या दिवशी तेही कुंपणापाशी उभं राहून म्हणाले होते, हे तुला कोणी करायला सांगितलं? शाळेत जायच्या आधी घरातली राख काढायचं काम त्यांचं होतं म्हणे. आता त्यांच्याकडे गॅस आहे. बटण.

म्हणजे ज्यांनी ज्यांनी कोळसा रोज उचललाय त्यांचा प्रश्न एकच आहे. ज्यांनी उचलला नाही ते येऊन म्हणतात, वा, किती छान, किती उबदार! आणि कोटाची चेन वरपर्यंत लावून पाच मिनिटांत घरात जातात.

मी नेमकी कुठल्या रांगेत उभी राहायची, हे मला आज ठरवता आलेलं नाही. थोडी दोन्हीकडे. ह्यावर हसूही येतंय. पंचावन्नाव्या वर्षी, दुहेरी मोजे घालून, स्वतःच्या पैशानं विकत घेतलेली चाळीस पौंडाची पोती मी उचलतेय. अशी पन्नास आली की टन होतो. बाबा असते तर म्हणाले असते, अगं, इथे फुकट मिळत होता.

पावणेबारा.

आत्ता आईचा फोन आला. तिकडे सव्वादहा, पूजा उरकली असणार. सकाळच्या वाक्याचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. म्हणाली, "विझली का?" म्हटलं, नाही. "दाखव बरं." मी दिवा घालवला आणि फोन काचेपाशी धरला. नुकताच नवा थर टाकला होता, त्यामुळे निळ्या ज्योती वर उठून नाचत होत्या, आठ-दहा, लाल मागून हळूहळू येत होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

तिनं बराच वेळ बघितलं. राखेचं काय करतेस विचारलं. म्हटलं, बर्फावर टाकते, पाय घसरत नाही. ते तिला पटलं. मग पुन्हा वाकून बघितलं, वहिनीला बोलावलं, तिलाही दाखवलं.

"मले तं गॅसवानीच दिसून रायली," आई म्हणाली. "याचं बटन कुठी हाय?"

म्हटलं, बटण नाही. मग दोघींनी थोडा वेळ नुसतं बघितलं. कोपरा लाल झाल्यावर मी तिला म्हटलं थांब हं, फोन फळीवर टेकवला, आणि उरलेली अर्धी बादली आत ओतली.