चोवीस नंबरचा पाना

कॉलेजचं पत्र आलं, "स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा." मला तर आपले मशीन डिझाइनचे सरच आठवले. नाव लिहीत नाही, १९९४ च्या मेकॅनिकलवाल्यांना त्याची गरज नाही. गॅदरिंग आणि मेसच्या आमटीवर बाकीचे लिहितीलच.

थर्ड इयरला सरांनी आमच्या चौघांच्या ग्रुपला उसाचा चरक डिझाइन करायला दिला. आम्ही लगेच डेटा बुक, म्हणजे डिझाइनच्या सूत्रांचं आणि तक्त्यांचं पुस्तक, उघडलं. "मिटा ते. आधी स्टँडसमोरच्या रसवंतीत जाऊन बसा, दुकान बंद होईपर्यंत." बसलो. चरक किती ऊस पिळतो याची मालकाला काही फिकीर नव्हती. त्याचा जीव जायचा तो रात्री रोलर काढून धुताना. चिपाडाचे धागे गिअरमध्ये गुंतलेले, रस चिकटून आंबलेला, वर माश्या.

मग गणित मांडलं. शाफ्टचा व्यास आला ३१.४ मिलिमीटर. मी तो दशांशासकट शीटवर उतरवला. सर म्हणाले, "या मापाचं बेअरिंग घेऊन ये, मग बोलू." दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ६२०७ नंबरचं बेअरिंग पुढे सरकवलं. बेअरिंग ठराविक मापांतच मिळतात. याचा आतला व्यास ३५. शाफ्टही ३५ चा झाला.

पुढच्या आठवड्यात बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराचं, शीट दाखवलं. एम १६ चे, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचे, चार बोल्ट, रेघ न् रेघ स्वच्छ, शाबासकी मिळणार अशी खात्री. सरांनी लाल पेन काढलंच नाही. वर्कशॉपमधून त्या बोल्टला लागणारा चोवीस नंबरचा पाना मागवला आणि शीटवर ठेवला. "हा बोल्टवर बसवून काढ. स्केलमध्ये." काढला. पान्याचं तोंड थेट शेजारच्या रिबमध्ये, म्हणजे हाउसिंगला बळकटी देणाऱ्या पट्टीत, घुसलं. फिरवणं दूरच, तो बोल्टवर बसतच नव्हता. "रात्री अकरा वाजता तो माणूस हे उघडणार कसं?" एवढंच बोलून सर पुढच्या टेबलाकडे गेले. मी पहाटेपर्यंत शीट खोडत बसलो.

आज चाकणला माझं फिक्स्चर, म्हणजे काम करताना पार्ट घट्ट धरून ठेवणारी साधनं, बनवायचं छोटं युनिट आहे. नवी मुलं स्क्रीनवर मॉडेल गरागरा फिरवून दाखवतात, रंगही सुरेख भरतात. मी विचारतो, "पाना कुठून घालणार?" मनात शिव्या देत असतील. आम्हीही दिल्या होत्या.

मध्यंतरी ड्रॉइंग हॉलमध्ये डोकावलो. बोर्ड गेले, कॉम्प्युटर आलेत, एसी लागलाय. सोय झाली, कबूल. पण पेन्सिलीने काळा झालेला एकही तळवा दिसला नाही, ते जरा लागलं. वय झालं असेल माझं.

ते शीट माझ्याकडे आहे, पान्याची पुसट आकृती अजून दिसते. बोल्ट हलवून सगळं नीट केल्यावरही सरांनी दहापैकी सहाच दिले होते. का, हे विचारायचा तेव्हा धीर झाला नाही. समारंभाला सर येणार आहेत असं पत्रात लिहिलंय. शीट घेऊन येतोय.