तुम्ही विचारलंत म्हणून: निलगिरीला औषध का मारत नाही?

फाटकातून आत येणारा आधी थोरल्या निलगिरीकडे बघतो, मग शेजारच्या खुजट, गाठाळलेल्या धाकटीकडे, आणि मग माझ्याकडे. "अहो, औषध का मारत नाही?" सुरात काळजी कमी, मी आळशी असल्याचा संशय जास्त. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगतेच. (निलगिरी पाणी किती पिते हा वाद आज नको. तो वेगळा आहे आणि त्यात मी निम्मी हरलेली आहे.)

मी औषधांच्या विरोधात वगैरे नाही. पहिलं रोप वाळवीने संपवलं. जमिनीलगतची साल गोल कुरतडली आणि एका सकाळी ते हातात अलगद उपटून आलं. पुढच्या रोपाच्या खड्ड्यात मी औषध ओतलं, आजही ओतेन. तेव्हा तत्त्वाचं श्रेय मला देऊ नका.

गाठींचं प्रकरण निराळं आहे. त्या करणारी गांधीलमाशी जेमतेम सव्वा मिलिमीटरची, चिलटासारखी. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत किंवा देठात ती अंडी घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं आणि अळी आत निवांत वाढते. अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत चारेक महिने जातात. बाहेर आल्यावर ती जगते थोडेच दिवस. म्हणजे आपण फवारतो ते बंद दारावर. शिवाय नराची गरज नाही, मादीच्या पोटी मादीच. एक आली तरी पुरे. २००४ मध्ये तिचं बारसं झालं: लेप्टोसायबे इन्व्हेसा. इन्व्हेसा का, ते माझ्या बागेला विचारा.

हे आज इतकं सफाईदार सांगते आहे. तेव्हाची वही काढली की सफाई उतरते. "फवारणी १. गाठी हिरव्या." "फवारणी २. गाठी गुलाबी होतायत, बहुधा मरतायत." मरतायत कसल्या, पिकत होत्या! गाठ हिरवीची गुलाबी होते, मग तपकिरी, मग टाचणीने टोचल्यासारखं भोक पडतं आणि आतली निघून गेलेली असते. पाचव्या नोंदीत तर "नवे शेंडे फुटले, छान!" ते फुटले कारण झाड अशक्त दिसतंय म्हणून मी युरिया घातला होता. कोवळा शेंडा म्हणजे माशीला ताट वाढून ठेवणं, हे त्या छानवालीला कुणी सांगायचं?

अशा सहा फवारण्या. मेले ते ढालकिडे आणि कोळी. महिन्याभरात पानं हाताला चिकट लागू लागली. रस शोषणाऱ्या किड्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा चिकटा खाली पाझरायचा आणि त्यावर काजळी धरायची.

मग आंतरप्रवाही औषध आणलं. मुळाशी ओतायचं, ते रसातून चढतं, गाठीतल्या अळीपर्यंत पोचतं. तर्क बरोबर होता, आजही मला तो चूक म्हणवत नाही. फक्त मुळांना कुंपण नसतं. थोरली आठ पावलांवर, आणि तिला कळ्या धरलेल्या.

निलगिरीची कळी पाकळ्या उघडत नाही, डोक्यावरचं झाकण टाकते. त्या वर्षीही अंगणभर टोप्या पडल्या, वर पांढऱ्या केसरांचे झुपके आले आणि मधमाश्यांची घुमी सकाळी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येऊ लागली. आठवड्याभराने एका सकाळी ती ऐकू आली नाही. झाडू घेऊन बाहेर गेले तर टोप्यांमध्ये माश्या पडलेल्या. एक उताणी, पाय हलवत स्वतःभोवती गोल फिरत होती. तिला पानावर घेतलं, साखरपाण्याचा थेंब पुढे ठेवला. तिने सोंड बाहेर काढली, ती थेंबाला लागलीही, पण परत आत घेता आली नाही. दुपारी बघितलं तेव्हा ती तशीच, सोंड बाहेर. तोवर मी ४१ मोजल्या होत्या. पुढे मोजायचं सोडलं.

माझ्याच औषधाने झालं याचा पुरावा नाही. आसपास कुणीही काहीही फवारलेलं असू शकतं. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे आणि ते खोटंही नाही. पण बाटलीवर छापलेलं होतं: फुलोऱ्यात वापरू नये. मी ते वाचलं होतं. मी औषध धाकटीला देत होते ना, तिला कुठे फुलं होती!

आणि धाकटीच्या गाठी? कमी झाल्या. लपवण्यात अर्थ नाही, त्या हंगामात कमी झाल्या. पुढच्या हंगामात पुन्हा होत्या तशा.

मग संतापून मी तिला गुडघ्याइतकी ठेवून कापली. बुंध्याशी गड्ड्यासारखा फुगवटा असतो, त्यातून महिन्याभरात धुमारे फुटले, सगळे लुसलुशीत, सगळे गाठींना तयार. कापलेले ओंडके थोरलीच्याच बुंध्याला टेकवून ठेवले होते. ताज्या लाकडाच्या वासावर खोडकिडे येतात हे नंतर कळलं आणि रातोरात ते हलवले. थोरलीला हल्ली औषध एकच: कडक उन्हाळ्यात मुळापर्यंत भरपूर पाणी. साल रसरशीत असेल तर पोखरणारी अळी रसातच बुडते, तहानलेल्या झाडात मात्र सरळ शिरते. हो, मी निलगिरीला पाणी घालते. हसा.

धाकटीची गाठाळ फांदी मी अधूनमधून काचेच्या बरणीत घालून तोंडाला फडकं बांधते. गेल्या खेपेला तेरा माश्या निघाल्या. भिंगाखाली अकरांच्या अंगावर निळी-हिरवी झाक होती. दोन पिवळसर, झाक नसलेल्या. गाठी करणाऱ्या माशीच्या अळ्यांवर जगणाऱ्याही चिमुकल्या गांधीलमाश्या असतात. १९२६ मध्ये निलगिरीची पानं खाणाऱ्या सोंडकिड्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत अशीच एक माशी ऑस्ट्रेलियाहून नेली होती आणि तिने ते आटोक्यात आणले. माझ्या दोघी पिवळसर अळ्यांवर जगणाऱ्यांतल्या असाव्यात असं फार वाटतं. पण मला गुलाबी गाठी मेलेल्या वाटल्या होत्या, हे वहीत आहेच.

दोघींना धाकटीवर सोडलं. उरलेल्या अकरा, बरणीचं झाकण घट्ट लावून, उन्हात ठेवल्या.